गवताले इचारा लागते

उन्हाळा लागला की आमच्या गोंदियात माठात वाळ्याची जुडी पडते आणि कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला जातो. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी दार उघडून आत आलं की ओल्या वाळ्याच्या वासानं निम्मा थकवा उतरतो. ज्या गवताची ही मुळं, ते नदीनाल्यांच्या काठी पुरुषभर उंच वाढतं आणि जमिनीखाली तीन-तीन मीटर उतरतं. वरच्या पात्याला कुणी विचारत नाही. आपल्याला हवं असतं मूळ.

हेच गवत ऑस्ट्रेलियात खाणींच्या ढिगाऱ्यांवर मुद्दाम लावतात, हे वाचलं तेव्हा गंमत वाटली. पुढचं वाचलं आणि माझी नजर माठाकडे गेली. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक असलेल्या मातीतही वाळा तग धरतो आणि शोषलेल्या धातूंचा मोठा वाटा वर पात्यात न पाठवता मुळांतच अडवून ठेवतो. म्हणजे जो भाग धातू साठवतो नेमका तोच आपण पिण्याच्या पाण्यात सोडतो. स्वच्छ ओढ्याकाठच्या वाळ्याला भिण्याचं कारण नाही. पण बाजारातली जुडी कुठल्या ओढ्याची, हे घेणारी विचारत नाही. मी आता विचारते. विकणारी हसते. "जंगलचा हाये ना बाई, आनखी कुठचा राहीन!"

जड धातू म्हटलं की काहीतरी परकं, कारखान्यातलं डोळ्यांपुढे येतं. आमचा जिल्हा १ मे १९९९ पर्यंत ज्या भंडाऱ्यात होता, ते भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठीच नावाजलेलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. या दोहोंची झाडालाही गरज असते, आपल्यालाही; मात्रा ओलांडली की तेच विष. शिसं, कॅडमियम आणि पारा यांचं शरीराला काहीच काम नाही, तरी ते आपल्या घरादारात आहेत. तलावाच्या पाळीवरच्या देवाला माखतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड; दर पावसाळ्यात त्यातला थोडा धुऊन खाली जातो. मूर्तींच्या झगझगीत पिवळ्या रंगात शिसं आणि क्रोमियम दोन्ही असू शकतात, आणि गणपती-दुर्गेची विसर्जनं जिथे होतात ते पाणी वाहतं नसतं.

बिडीचंही तेच. गोंदिया बिड्यांचं गाव. तेंदूपत्ता आमच्या जंगलातला, तंबाखू बाहेरची. तंबाखूच्या झाडाला कॅडमियम शोषून पानात साठवायची खोड आहे. या गुणामुळे शास्त्रज्ञ दूषित जमिनीतून कॅडमियम काढायला तंबाखू लावून पाहतात, आणि याच गुणामुळे झुरक्यागणिक ते कॅडमियम फुप्फुसात उतरतं. झाडानं आपलं काम दोन्हीकडे सारखंच केलं.

तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. दगडी कोळसा कुठेही जाळा, त्यात अंशमात्र असलेलं आर्सेनिक, शिसं, क्रोमियम राखेत दाट होऊन उरतं, आणि पारा बराचसा धुरावाटे वर जातो. हा कोळशाचाच गुणधर्म. म्हणून राख कुठे साठते आणि तिच्यावरून आलेलं पाणी कुठे उतरतं, याकडे लक्ष ठेवणं एवढंच शहाण्या शेजाऱ्याच्या हातात असतं. आणि जिथे चिमणी नाही, मूर्ती नाही, तिथेही धातू असू शकतो. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या राजनांदगावच्या मुलखात, अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावात, भूजलातलं आर्सेनिक १९९९ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींच्या चमूनं जगापुढे मांडलं. ते कुणी ओतलेलं नव्हतं. तिथल्या जुन्या खडकांतच ते आहे, आणि हातपंपानं ते वर आणलं. सीमेपाशी येऊन खडक थांबत नाही, एवढं भूगोल शिकलेल्या कुणालाही कळतं.

सांडपाणी कितीही घाण असो, त्यातला बराचसा भाग कुजतो. जिवाणू तो खाऊन टाकतात. धातू कुजत नाही. शिशाचा अणू आज आहे तो शंभर वर्षांनीही शिशाचाच अणू. त्यामुळे पाण्यातून धातू 'नाहीसा' करणं असं काही नसतंच. तो इथून उचलायचा आणि तिथे ठेवायचा. वनस्पतींकडून पाणी शुद्ध करून घेण्याच्या सगळ्या गोष्टींत मला हाच भाग पुसट दिसतो. छायाचित्रात कमळं असतात, शेजारी स्वच्छ पाणी असतं. ते 'तिथे' कुठे, हे मात्र चौकटीबाहेर राहतं.

तलावांच्या बाबतीत आम्ही श्रीमंत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव. सरकारी कागदांत त्यांचं लघुरूप 'मामा तलाव' झालं आणि तेच लोकांच्या तोंडी बसलं. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं हे तलाव बांधले. कुठे उतार आहे, कुठे पाळ घातली म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे त्यांना डोळ्यांनी दिसायचं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळ्याचा. अकरा चौरस किलोमीटरचं ते पाणी, भोवती सात बहिणी म्हणवणारे डोंगर. आणि बांधणाऱ्याचाच पुढे कोलासूर देव झाला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि इथल्या पाण्यापाखरांनी मराठी गद्याला एक वेगळी शब्दसंपत्ती दिली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ कुणी दुरुस्त करायची हा प्रश्न कागदावर गेला तो अजून पुरता खाली उतरलेला नाही.

कोहळ्यांनी तलाव बांधले, पण आतलं पाणी ओळखतात ते ढिवर. जाळं, डोंगा, शिंगाडा, कमळकंद यांवर त्यांचं पोट. अर्जुनी मोरगावकडच्या एका तलावावर एका म्हाताऱ्या ढिवरकाकांना मी विचारलं होतं, "काकाजी, पाणी चांगलं आहे का इथलं?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते पान्याले नाही इचारत बाई, गवताले इचारा लागते. गवत नरम हाये, हिरवा हाये, त मासोरी येते. गवत गेला का मासोरी गेली."

ते गवत म्हणत होते त्यात हायड्रिला होती. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली ठेवतात आणि जिच्यातून बुडबुडे वर येतात, तीच. शिवाय मांजराच्या शेपटीसारखी झुपकेदार सेराटोफायलम, फितीसारख्या लांब पात्यांची व्हॅलिस्नेरिया, काठाला देवधान. त्यांच्या गवतात या सगळ्यांना जागा होती आणि प्रत्येकीत कोणता मासा अंडी घालतो ते त्यांना ठाऊक होतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे. कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वारुळाच्या कोणत्या बाजूला किती खोल पाणी लागेल ते त्यात सांगितलं आहे. सांगितलेलं सगळं खरं ठरतं असं नाही. पण जे डोळ्यांना दिसत नाही ते झाडाला विचारावं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

माझी एक मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या लहान पिशव्या, चिठ्ठ्या, कात्री आणि जुना टॉवेल असतो. ती तलावातून हायड्रिला काढते, पण नुसती हायड्रिला नाही; गोंदियाजवळच्या कुठल्या तलावाच्या कुठल्या कोपऱ्यातली, नाला मिळतो तिथली की पलीकडच्या काठची, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. "पाण्याची बाटली भरून नेली तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाटली तुला आजचं सांगेल. परवा रात्री कुणी काही सोडलं आणि काल पाऊस पडला, तर आज बाटलीत काहीच नाही." वनस्पती मात्र महिनाभर त्याच पाण्यात उभी असते आणि येईल ते थोडंथोडं अंगात घेत असते. वाण्याच्या दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. रोजचं किरकोळ वाटतं, बेरीज मारली की डोळे उघडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको आणि ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम नको, असं भारतीय मानक सांगतं. एवढं थोडं पाण्यात मोजणं अवघड. तेच वनस्पतीच्या सुक्या भारात शेकडो पटींनी साठलेलं असतं, म्हणून मोजता येतं.

पण साक्षीदार निवडावा लागतो, आणि इथे विषय मला फार रंजक वाटतो. सेराटोफायलमला मूळच नसतं. ती तरंगते, अंगभर पाणी पिते. तिच्यात कॅडमियम सापडलं तर ते पाण्यातूनच आलेलं, चिखलाशी तिचा संबंध नाही. डकवीड म्हणजे साचल्या पाण्यावर हिरवा थर धरणाऱ्या त्या टिकल्या. त्यांची मुळं लोंबतात, पण तळाला पोचत नाहीत. त्याही पाण्याच्याच बाजूनं बोलतात. कमळाची आणि पाणकणसाची साक्ष मात्र चिखलाची, कारण त्यांचे पाय गाळात. आणि गाळ जुनी गोष्ट सांगतो. दहा वर्षांपूर्वीची घाणसुद्धा तिथे असू शकते. एकाच तलावातून दोघींना बोलवावं, मगच कळतं की धातू अजून येतो आहे की पूर्वी येऊन बसला आहे.

ॲलन बेकर या शास्त्रज्ञानं १९८१ मध्ये वनस्पतींच्या तीन वृत्ती सांगितल्या. काही धातू दाराबाहेर ठेवतात. काही गोळा करत सुटतात. तिसऱ्या, मातीत जेवढं असेल त्या प्रमाणात अंगात घेतात. साक्ष हवी तर तिसरीची घ्यावी. पहिली सगळं ठीक आहे म्हणेल, आणि दुसरी थोड्या धातूलाही डोंगर करून दाखवील. दुसऱ्या जातीचे नमुने अचाट असतात. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निळसर हिरवा असतो, कारण त्यात निकेल भरलेलं असतं. टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं फ्लोरिडात लाकूड मुरवण्याच्या एका सोडून दिलेल्या जागेवर खुशाल वाढताना लीना मा यांना दिसलं. पानांत आर्सेनिक सुक्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त. २००१ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. हे नेचं आपल्याही डोंगराळ भागांत उगवतं. ओलसर भिंतीच्या फटीत दिसलं तर लोक उपटून टाकतात.

मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत घरच्या कामासारखंच काम चालतं. हायड्रिला आधी नळाच्या पाण्यात खळखळून धुवायची, मग ऊर्ध्वपातित पाण्यात. नाहीतर वनस्पतीऐवजी तिला चिकटलेल्या चिखलाचंच माप यायचं. मूळ, खोड, पान वेगळं करायचं, मंद ओव्हनमध्ये कोरडं करायचं, खलबत्त्यात कुटायचं. मग नायट्रिक आम्लात ते सगळं विरघळतं आणि हिरव्या वनस्पतीचं एक निवळ, बेरंग पाणी होतं. पुढची पायरी मी डोळे मोठे करून पाहिली. ज्या धातूचा शोध घ्यायचा, त्याच धातूचा दिवा यंत्रात लावतात. कॅडमियमसाठी कॅडमियमचा, शिशासाठी शिशाचा. त्या दिव्याचा प्रकाश ज्योतीतून सोडायचा आणि ज्योतीत ते विरघळलेलं पाणी फवारायचं. कॅडमियमचा अणू २२८.८ नॅनोमीटरचा प्रकाश गिळतो, इतरांचा नाही. ज्योतीतून पलीकडे पोचताना जितका उजेड कमी झाला, तितका धातू. ही युक्ती ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडली. आपल्या जातीचा उजेड तेवढा ओळखून गिळणाऱ्या अणूपुढे मी थोडा वेळ गप्प झाले, हे कबूल करायला हरकत नाही. मैत्रीण मात्र आम्लाची बाटली कुठे ठेवली ते शोधत होती.

वनस्पती हे विष पचवते कशी? पचवत नाही, बांधून ठेवते. धातू आत शिरला की पेशी गंधकयुक्त लहान साखळ्या तयार करते. फायटोकेलॅटिन नावाच्या या साखळ्या १९८५ मध्ये म्युनिकच्या ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी ओळखल्या. साखळी धातूच्या आयनाला गंधकानं घट्ट धरते, आणि ती गाठोडी पेशीच्या मधल्या पाणपिशवीत, रिक्तिकेत, नेऊन टाकली जाते. तिथे कामाचं काही चालत नाही, म्हणून बिघडतही नाही. माप भरलं की वनस्पती हरते. पानं पिवळी पडतात, नवा कोंब खुरटतो, डकवीडच्या टिकल्या वाढेनाशा होतात. हे हरणंही मोजतात. डकवीडच्या टिकल्या सात दिवसांत किती वाढल्या यावरून पाण्याचं विष ठरवण्याची एक आंतरराष्ट्रीय चाचणीच आहे. तिच्या मुळाशी काकाजींचंच तत्त्व आहे: गवत हिरवं आहे की गेलं.

आता धान. आमच्या जिल्ह्यात दुसरं बोलणंच नसतं. पऱ्हे, चिखलणी, रोवणी, कापणी, मळणी, राईस मिल. धानाच्या बांधीत पाणी उभं राहतं, तशी मातीतली हवा संपते. हवा संपली की आर्सेनिक मोकळं होतं, आणि धान ते सिलिका समजून आत घेतं. धानाला सिलिकाची भूक मोठी. काडी ताठ राहते ती तिच्यामुळे. ज्या दारातून सिलिका येते त्याच दारातून आर्सेनिकचं एक रूप येतं, कारण दारवानाला दोघं सारखे दिसतात. कॅडमियमचं उलट. पाणी उभं असेतो ते गप्प, पाणी सोडून बांधी सुकवली की ते हलतं. म्हणजे एकाला आवरायला पाणी काढावं तर दुसरा जागा होतो. तलावातल्या हायड्रिलाची कौतुकं करताना मला नेहमी आठवतं की बांधीतलं धानही त्याच पाण्यात पाय रोवून उभं असलेलं पाणगवतच आहे. फरक इतकाच की त्याची बेरीज आपण खातो.

जपाननं ही बेरीज भोगली. तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीत वरच्या अंगाच्या कामिओका खाणीतून कॅडमियम उतरत होतं. नदीच्या पाण्याबरोबर ते भातशेतीत, शेतीतून भातात, भातातून माणसांत. हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंही मोडत. बायकांना, विशेषतः बाळंतपणं झालेल्या प्रौढ बायकांना, हा आजार जास्त झाला. त्यांच्या कण्हण्यावरूनच त्याला इताई-इताई, म्हणजे दुखतंय-दुखतंय, हे नाव पडलं. कारण कॅडमियमच आहे, असं सरकारनं १९६८ मध्ये मान्य केलं. शेतांची माती बदलण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं ते २०१२ पर्यंत चाललं. त्या नदीकाठच्या वनस्पती वर्षानुवर्षं हेच सांगत असणार. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं.

हे वाचल्यापासून मला पाणी साफ करणाऱ्या वनस्पतीपेक्षा पाण्याबद्दल सांगणारी वनस्पती जास्त मोलाची वाटते. साफ करणं हे काम हळूहळू चालणारं, अर्धवट राहणारं. सांगणं मात्र लगेच उपयोगी पडतं. कुठल्या कोपऱ्यातून धातू येतो ते कळलं तर तो कोपरा तरी बंद करता येतो. तरीही बहुतेकांना साफ करण्यातच रस. उत्साही मंडळी तर जलपर्णी सोडा म्हणतात, कारण जलपर्णी धातू झपाट्यानं शोषते आणि १९७० च्या दशकात नासाच्या मिसिसिपीतल्या केंद्रानं तिच्याकडून सांडपाणी साफ करून घेतलं होतं. बरोबर आहे. पण ते कुंडात. आमच्या बाजूला नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसेखुर्दच्या जलाशयात जलपर्णीचे ताटवे दाटतात तेव्हा डोंगा ढकलायला वाट मिळत नाही. खाली उजेड जात नाही, हायड्रिला मरते, आणि काकाजींचं शेवटचं वाक्य खरं होतं. ज्याच्या पोटावर पाय येणार त्याला न विचारता केलेली शुद्धी मला नको.

चेर्नोबिलचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी असतं. १९९० च्या दशकात अणुभट्टीजवळच्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावली. मुळांनी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढून घेतलं. चित्र सुंदर आहे. पण त्या सूर्यफुलांचं नंतर काय, तर ती किरणोत्सारी कचरा म्हणून ठेवावी लागतात. फुलाचं काम तिथे संपतं, माणसाचं सुरू होतं.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला हे चांगलं ठाऊक आहे. १९५८ मध्ये ही संस्था सुरू झाली. तिच्या आशा जुवारकर यांनी गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उघड्या ढिगांवर वेगळीच वाट धरली. ढिगात साखर कारखान्याची मळी मिसळली, नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांना साथ देणारी बुरशी सोडली, मग झाडं लावली. धातू ओढून काढायचा नाही. मुळांनी धरून जागच्या जागी बसवायचा, म्हणजे पावसाबरोबर तो नाल्यात उतरत नाही. मला हा विचार जास्त प्रामाणिक वाटतो. उचलून ठेवायला जागा नसेल तर उचलूच नये, हलू मात्र देऊ नये. आमच्या शेजारी भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणून गुमगाव दूरचं वाटत नाही.

पण तलावात सगळंच जागच्या जागी ठेवता येत नाही. तलाव उन्हाळ्यात आटतो, गाळ उघडा पडतो. तो काढून बांधीत टाकायची पद्धत पिढ्यांची, आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणून सरकारीही. चांगली योजना आहे; पन्नासातल्या एकोणपन्नास तलावांचा गाळ सोन्यासारखाच असेल. ज्या एकात मूर्ती बुडतात किंवा गावाचा नाला येतो, त्याचा गाळ टाकण्याआधी मुठीभर तपासावा एवढंच म्हणणं. मुठीभर गाळ आणि मुठीभर कमळमूळ.

गाळ तळाचा, तर तलावाचा काठ धरून उभी असते ती बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही आयपोमिया कितीही तोडा, पुन्हा फुटते. नाव अगदी योग्य. ढोरं तिला तोंड लावत नाहीत. तिनंही काठचा चिखल शोषला असणार, पण पाण्यातली जागा खाऊन ती आतल्या गवताला उठवते. मनीष राजनकर आणि त्यांची 'फीड' ही संस्था, आणि त्यांच्याबरोबर ढिवर समाजातली माणसं, विशेषतः बायका, यांनी अर्जुनी मोरगावच्या बाजूला तलावांतून बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पाणी भरल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम अशा देशी वनस्पती परत लावल्या. हेतू माशांचा होता, धातूचा नव्हता. पण माझ्या मैत्रिणीला ज्या साक्षीदार हव्यात, त्याच या. ज्या तलावात त्या परत आल्या तिथे पाण्याला बोलता येऊ लागलं, असं ती म्हणते. सारसांचाही त्या गवतात वाटा आहे. महाराष्ट्रातले सारस बहुतेक आमच्याच जिल्ह्यात उरले आहेत. पाणथळीतले कंद उकरून खाणारा हा पक्षी त्या गवताच्या वरच्या पायरीवर बसतो, आणि गवतात जे साठतं ते त्याच्यापर्यंत जाऊ शकतं.

गेल्या हिवाळ्यात मैत्रीण मला एका बचत गटाच्या बैठकीला घेऊन गेली. विसर्जनाच्या आणि नाल्याच्या तोंडाच्या पाण्यातलं गवत वेगळं काढावं, ढोरांना घालू नये, खतात टाकू नये, शिंगाडा तिथला घेऊ नये, असं तिनं समजावलं. शिंगाड्यावर कुजबुज झाली. ते वाक्य महाग होतं. मग एक वयस्क बाई म्हणाल्या, "गवत काढून देऊ. पन नेनार कोन, अन् कुठी?" मैत्रीण म्हणाली, आधी नमुने जाऊ द्या, आकडे येऊ द्या, मग जिल्ह्याला लिहू.

"नमुना त येईन," त्या म्हणाल्या. "गवत त्याच्यासाठी थांबन का? पानी उतरला का तो तिथंच सडते, अन् घेतला तेवढा पुन्हा चिखलाले देते."